मांस दगडावर ठेवायचं

बिश्केक, ९ ऑक्टोबर

तुर्गुनबायमामांना एर्निसचा सलाम. घरची माणसं, गोठ्यातली जनावरं, बातिनामामी, आणि सगळ्यांच्या आधी तुमची गरुडीण तुमारा, सुखरूप ना?

मी आता गाडी चालवतो. टरबुजांचं काम सुटलं, म्हणजे मीच सोडलं. ओशचा तो व्यापारी टरबूज पिकलंय का बघायला टकटक करायचा आणि तशीच टकटक माझ्या डोक्यावरही करायचा. आता बुरुलताई म्हणून छातीच्या डॉक्टर आहेत, त्यांना गावोगाव न्यायचं. त्या लोकांच्या पाठीला नळी लावतात, मी बाहेर चहा पितो. परवा नारीनच्या अलीकडे एका म्हातारीने मला असं दही दिलं की, जाऊ दे, दह्याचं नंतर लिहितो.

मुद्दा वेगळा आहे. उन्हाळ्यात आलो होतो तेव्हा झऱ्यापर्यंत जाताना तुम्ही तीनदा थांबलात. तिन्ही वेळा म्हणालात, घोडा बघतोय. तिसऱ्या वेळी तिथे घोडा नव्हता.

मार्चमध्ये नूरुझचा सण झाला की तुमाराला सोडायचं. तुमच्या हातावर तिचे अकरा हिवाळे झाले, आता तिला तिच्या रानाला परत द्यायची, हा शिकाऱ्यांचा नेम. ज्याने कड्यावरून उतरवली त्यानेच सारीबेलच्या खिंडीत नेऊन सोडायची, त्यात बदल नाही. शेवटचा तासभर घोडा चालत नाही, पायीच जावं लागतं, आणि हातावर सहा किलोचं पाखरू. शेजारचा मिर्लान म्हणाला होता, "तुर्गुनबायकाका, मी सोडून येतो तुमच्याऐवजी." त्यावर तुम्ही त्याला काय म्हणालात ते मामीने सांगितलं. कागदावर लिहिण्यासारखं नाही.

तर मामा, भाच्याने तीनदा मागायचं आणि मामाने तीनदा नाही म्हणायचं नाही, हा आपला रिवाज. पहिल्यांदा मी शिंगरू मागितलं. दुसऱ्यांदा चांदीच्या कड्यांचं खोगीर, जे मी कोचकोरला हरवलं त्याबद्दल अजून मान खाली आहे. तिसरी मागणी बाकी आहे. मामी म्हणते, लग्नाला घोडी माग. मला घोडी नको.

तुमच्या सिगारेटी द्या. सगळ्या, कायमच्या.

एर्निस


काराताश, २६ ऑक्टोबर

एर्निस,

आम्ही सुखरूप. तू सारखा फोन करतोस तो करू नकोस. इथे रेंज नसते, आणि असली तरी फोनवर माणूस नुसता घाई करतो. पत्र लिही. शायलोबेकची मिनीबस दर मंगळवारी जाते. त्याच्या जिभेखाली नसवाय, म्हणजे आपली हिरवी तंबाखू, असतो म्हणून तो काय बोलतो ते कळत नाही, पण पत्र पोचवतो.

सोबत मामीचा लोकरी मोजा आहे. आत सात पाकिटं. घरात होती नव्हती ती सगळी. मोजा परत पाठव, मामी विचारते.

तू मागितलंस, मी दिलं, विषय संपला. एक्केचाळीस वर्षं ओढल्या आणि एका सकाळी सोडल्या. यात मोठं काही नाही. ज्याने सात गरुड माणसाळवले तो कागदाच्या एका सुरळीपुढे वाकेल असं तुला वाटलं, याचंच वाईट वाटलं.

तुमाराने परवा कोल्हा धरला. दुरून, एका झेपेत. आपल्या मोठ्या तळ्याच्या दक्षिणेला असं पाखरू दुसरं नाही, आणि हे मी म्हणतो म्हणून नाही, मिर्लानलाही म्हणावं लागलं.

तुझा मामा


बिश्केक, १५ नोव्हेंबर

मामांना सलाम.

मोजा परत पाठवतोय. पाकिटं मी कालव्यात फेकली. एका बाईने बघितलं आणि कालव्यात कचरा टाकतो म्हणून मला अर्धा रस्ताभर शिव्या दिल्या, त्यात काही नवीन शिव्या मिळाल्या.

तुमचं पत्र मी गाडीतच उघडलं. मागे बुरुलताई बसल्या होत्या. म्हणाल्या, "एर्निस, गाडीत कोण ओढतंय?" कोणीच नव्हतं ओढत. वास तुमच्या कागदाला होता.

मामा, मी रागावलो नाही. लिहिताना हातात होती ना? एवढंच सांगा. तुमचं खोटं मला खुपलं नाही. तुम्हाला एकट्याला शरम वाटत असेल ते खुपलं.

ताईंना विचारलं, ज्या माणसापुढे लांडगा मागे सरतो तो एवढीशी सिगारेट कशी सोडू शकत नाही? त्या म्हणाल्या, यात हिमतीचा प्रश्नच नाही. झुरका घेतला की निकोटिन काही श्वासांत डोक्यात पोचतं. शिरेत सुई टोचून इतक्या लवकर पोचत नाही. आणि धुरात ते एकटं नसतं. जळालेल्या पानातून आणखी हजारो गोष्टी येतात. त्यातल्या काही अशा, की डोक्यात जे सुख एरवी लगेच पुसलं जातं ते पुसू देत नाहीत. म्हणून निकोटिनचा फास धुरात दुप्पट आवळतो. तेच निकोटिन व्हेपमधून घेतलं तर बहुतेकांना तितकं धरून ठेवत नाही. व्हेप म्हणजे बॅटरीवर रस तापवून वाफ ओढायची नळी. "फुप्फुसाला हवाच हवी," त्या म्हणाल्या, "व्हेपही चांगलं नाहीच. पण तुझा मामा जळत्या घरात आहे, त्याला आधी अंगणात तरी येऊ दे."

म्हणून एक पाठवतोय. दुकानात तीस वास होते. मी गोंधळलो, मग तिथे एक मुलगी बाटल्या लावत होती, तिचे डोळे, जाऊ दे. तिने जी दिली ती घेतली. आंब्याच्या वासाची आहे.

एर्निस


काराताश, ३ डिसेंबर

एर्निस,

तुझी नळी याच गाडीने परत पाठवली आहे.

पहिलं, आंबा. मी आयुष्यात आंबा पाहिलेला नाही. त्याची वाफ ओढू? गावात कोणी विचारलं तर काय सांगू, तुर्गुनबाय फळ ओढतो?

दुसरं, मी शाळेत सहा इयत्ता शिकलो पण आकडे वाचता येतात. सिगारेटच्या पाकिटावर निकोटिन लिहिलंय शून्य पूर्णांक सहा. तुझ्या बाटलीवर बारा. वीसपट. बारीक दोरीतून सोडवायला तू मला जाड दोर पाठवलास. तुझ्या डॉक्टरणीला सांग, आधी मोजायला शिक.

तिसरं, मला उपाय सापडला आहे आणि तो आपल्या घरचा आहे. आपण पाखराचं मांस कसं धुतो? पाण्यात बुडवायचं, पिळायचं, परत बुडवायचं, पांढरंफटक होईपर्यंत. रक्त निघून जातं. पाखराचं पोट भरतं, पण अंगात मस्ती येत नाही. तूच लिहिलंस की निकोटिनचा फास. म्हणून मी चार पाकिटांची तंबाखू सोडवली, तीन दिवस झऱ्याच्या पाण्यात धुतली, पिळली आणि चुलीशेजारी वाळत घातली. आता परत कागदात भरतोय. हे तुझ्या शहरात कोणाला सुचणार नाही.

मामी म्हणते, घरात लीद वाळत घातल्यासारखं वाटतं. तिचं मनावर घेऊ नकोस.

तुझा मामा


बिश्केक, १७ डिसेंबर

मामांना सलाम.

तुमचं पत्र मी ताईंना वाचून दाखवलं. धुतलेल्या तंबाखूपर्यंत त्या हसल्या, मग म्हणाल्या, "हा माणूस कॉलेजात गेला असता तर?" मला इतका अभिमान वाटला की आम्ही वळण चुकलो आणि भलत्याच गावात पोचलो. तिथे एक माणूस दोन कुबडांच्या उंटाला दात दाखवायला शिकवत होता.

आता आकड्यांचं. पाकिटावरचा आकडा एका सिगारेटमधून धुरात किती येतं त्याचा. बाटलीवरचा आकडा रसाच्या एका मापात किती आहे त्याचा, आणि ते एक माप तासन् तास चालतं. दोन्ही शेजारी ठेवून वीसपट म्हणता येत नाही. शिवाय ताई म्हणतात, किती आहे यापेक्षा किती पटकन येतं आणि कशाबरोबर येतं ते महत्त्वाचं. मला हे नीट समजलं नाही, मी सातवीत वर्ग सोडला तेव्हा बाहेर चिनारावर एक घुबड बसलं होतं.

म्हणून तुम्हालाच विचारतो. पाखरू हातमोज्यावर उतरतं तेव्हा तुम्ही मांस लगेच का देता? घरी येऊन का देत नाही? मला वाटतं ताई तेच म्हणतात, पण माझ्याकडे शब्द नाहीत, तुमच्याकडे आहेत.

नळी परत पाठवतोय. वाया जाऊ नये म्हणून मी दोन झुरके घेऊन पाहिले. वास बरा आहे.

एर्निस


काराताश, ८ जानेवारी

एर्निस,

तू ती परत तोंडाला लावलीस तर घोडा पाठवून तुला इथे आणीन आणि सगळ्या गावासमोर कान पिळीन. तू कधी ओढत नव्हतास. ज्या पाखराला माणसाची सवय नाही ते कड्यावर सुखात असतं, त्याला फासात घालायला तू मामाचा भाचा झालास? हे शेवटचं सांगणं.

आता ऐक. तुझ्या प्रश्नावर मी आठ दिवस झोपाळ्यासारखा हललो.

पाखरू हातमोज्यावर उतरलं की तुकडा त्याच क्षणी चोचीत गेला पाहिजे. दोन श्वास उशीर झाला तर ते खातं, पण शिकत नाही. कशाबद्दल मिळालं हे त्याला कळतच नाही. आणि तुकडा रक्ताळलेला, ऊनऊन असावा. धुतलेल्या मांसासाठी कुठलंच पाखरू ढगातून खाली येत नाही. झटकन आणि रक्तासकट. आमच्या धंद्यात या दोनच गोष्टी आहेत, बाकी सगळा धीर.

हे लिहिलं आणि मी थांबलो. एक्केचाळीस वर्षं मला वाटत होतं शिकारी मी आहे. सिगारेट काड्यापेटीजवळ असते. पेटवली, ओढली, आणि तुकडा चोचीत. दिवसातून वीस सिगारेटी, एकेकीचे दहा झुरके. एवढ्या वेळा तर मी कुठल्याच पाखराला बोलावलं नाही. मला असं शिकवलंय की मी तुमारापेक्षा जास्त आज्ञाधारक आहे. पोरा, हे फार लागलं.

धुतलेली तंबाखूही सांगतो. तीन ओढल्या. जळक्या चाऱ्यासारखी, खोकून खोकून डोळे बाहेर. तुझं ते निकोटिन पाण्याबरोबर वाहून गेलं असणार, कारण डोकं शांत झालं नाही. तरी चौथीकडे हात गेला. धुराची चव घशात होती, बोटात सुरळी होती, चहाचा कप समोर होता. रक्त नव्हतं तरी पाखरू हातमोजा बघून येत होतं. तेव्हा समजलं, एकट्या निकोटिनने मला धरलेलं नाही. सगळा हातमोजाच धरून बसलाय. जो धुवायचा तो धूर मी ठेवला आणि जे ठेवलं असतं तरी चाललं असतं ते निकोटिन धुतलं.

आणि हो, ऑक्टोबरात मी खोटं लिहिलं. नऊ दिवस टिकलो होतो. दहाव्या दिवशी मिर्लानकडून मागून घेतली. मिर्लानकडून.

आता माझा बेत. पाखराला सोडायच्या आधी आम्ही हातावर देणं बंद करतो. हातमोजा पेटीत. मांस दगडावर ठेवायचं, हाक मारायची नाही, रोज दगड बदलायचा. पाखरू खातं, पण कोणाकडे येत नाही. या महिन्यापासून तुमाराला तसंच द्यायचं आहे. मलाही तसंच.

तुझी नळी घरात ठेवली नाही. चहाजवळ नाही, चुलीजवळ नाही, खोगिराजवळ नाही. कुंपणाच्या खांबावर डब्यात ठेवली आहे. हवी तर बर्फातून तिथवर जायचं, उभ्याने ओढायची, परत यायचं. धुतलेलं मांस, आणि तेही दगडावर. काड्यापेटी मामीच्या कमरेला.

आंबा वाईट नाही.

तुझा मामा


बिश्केक, २० फेब्रुवारी

मामांना सलाम.

सहा आठवडे पत्र नाही. दर मंगळवारी मी शायलोबेकच्या थांब्यावर उभा असतो, तो नसवाय थुंकून मान हलवतो. काल त्याने तोंड रिकामं करून सांगितलं की दुयशेनआजोबांच्या मातीला तुम्ही ओसरीत बसून ओढत होतात. त्याने डोळ्यांनी पाहिलं.

ताई म्हणाल्या, असं होतं, बहुतेकांचं होतं, त्यात संपत काही नाही. पण मला खिंड दिसते आणि तुमची छाती ऐकू येते. मामा, तिसरी मागणी मी मागे घेतो. तुम्ही झऱ्यापर्यंत घोड्यावर या, तिथून तुमाराला मी नेतो. मिर्लान नको, मी घरचाच आहे. मला बर्फातलं चालणं जमतं, तुम्हाला माहीत आहे. यात तुमचा मान कमी होत नाही.

एर्निस


काराताश, ४ मार्च

एर्निस,

मागणी मागे घेता येत नाही. दिलेलं खोगीरही मी परत मागितलं नाही, हरवलंस तरी.

हो, ओढली. दुयशेन माझ्याबरोबर पहिल्या कड्यावर चढला होता. दोर त्याच्या हातात होता म्हणून मी जिवंत आहे. मातीहून आल्यावर सगळे पुरुष ओसरीत बसले, पाकीट फिरलं, माझ्यापुढे आलं, मी घेतली. पहिला झुरका आत गेला आणि डोक्यात घंटा वाजल्यासारखं झालं, नळीने कधी तसं झालं नव्हतं. तेव्हा कळलं दोन्हींत फरक काय. नळी दार ठोठावते. ही दार तोडून आत येते.

दगडावर खायला शिकणारं पाखरू एखाद्या दिवशी रक्ताचा तुकडा चोरतं. आपण त्याला मारत नाही. दुसऱ्या दिवशी उठून परत दगडावर मांस ठेवतो. मीही तेच केलं. नंतरचे दोन दिवस वाईट गेले, खांबापर्यंत सतरा वेळा गेलो, मामीने मोजलं. मग दहा वेळा. काल सहा. आता शायलोबेककडून मागवलेला रस भरतो, तू पाठवलास त्याहून हलका, बारावरून सहावर आलो आहे. पत्र लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. हा कागद नाकाला लाव.

आणि खिंडीत तू नेणार? तुझ्या हातून तिने एक घास खाल्लेला नाही. तुझ्या हातावर तिच्या डोळ्यांवरचा टोप काढला तर ती आधी तुझ्या कानाचा घास घेईल. तू चांगला पोरगा आहेस, पण हे परत लिहू नकोस.

काल झऱ्यापर्यंत पायी गेलो. एकदा थांबलो. खरंच घोडा होता.

तुझा मामा


बिश्केक, १२ मार्च

मामा,

कागद नाकाला लावला. लोकर, शाई आणि थोडा आंबा.

मी ताईंना, मेकॅनिकला, ट्रॅफिकच्या शिपायाला, आणि दुकानातल्या त्या मुलीलाही (तिचं नाव झिबा, मोठी गोष्ट आहे, नंतर) सांगितलं की माझा मामा सारीबेल चढणार आहे. शिपायाने दंड न घेता सोडलं, त्याचा मामाही ओढतो.

माझं ते पत्र फाडून टाका. मी फाडलं असतं, पण ते तुमच्याकडे आहे.

एर्निस


काराताश, २९ मार्च

एर्निस,

सोडली.

२७ तारखेला निघालो. मिर्लानने झऱ्यापाशी घोडे धरले. तो म्हणाला, "काका, दम लागला तर शीळ घाला, मी येतो." मी म्हटलं, "तू घोड्यांना गाणी म्हण." नंतर मी आणि ती.

थांबलो. हे तुला खरं सांगतो, पाच ठिकाणी थांबलो. पण उभा राहूनच, बसलो एकदाही नाही, आणि दर वेळी श्वास परत आला. गेल्या वर्षी तो कुठेतरी अडकून बसायचा. शेवटच्या चढाला बर्फ गुडघ्याएवढा होता. माझा उजवा हात दुखत होता, छाती नाही.

आदल्या दिवशी कापलेला मेंढा मिर्लानने वर नेऊन ठेवला होताच, तिच्या पहिल्या दिवसांसाठी. पायातल्या वाद्या कापल्या. टोप काढला. तिने खिंडीपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. हात वर झटकला. गेली. दोन गोल घेतले आणि परत आली. हे सगळ्यांची पाखरं करतात. याच वेळी माणूस हरतो, कारण हात आपोआप पुढे येतो. अकरा वर्षं तो पुढे येत होता. मी हातमोजा काढून कोटात कोंबला आणि हात पाठीमागे बांधले. ती माझ्यापासून पाच पावलांवर दगडावर बसली. बराच वेळ बसली. मी हाक मारली नाही. मग ती मेंढ्याकडे गेली, खाल्लं, आणि पलीकडच्या दरीत उतरली. मागे वळली नाही.

सात पाखरं मी यायला शिकवली. जायला इतकं नीट हिलाच शिकवता आलं. मला वाटतं तळ्याच्या दक्षिणेला कोणी शिकवलेलं नाही, आणि या वेळी मिर्लानने काही म्हणण्याचीही वाट मी बघत नाही.

खाली आल्यावर मिर्लानने पाकीट पुढे केलं. तो वाईट नाही, सवय असते. मी म्हटलं, नको, माझी आहे, आणि खिशात हात घातला. खिसा रिकामा. नळी सकाळपासून खांबावरच राहिली होती. पहाटे निघालो, दिवस उतरला होता, आणि मला तिची आठवणही झाली नव्हती. एक्केचाळीस वर्षांत सिगारेटी घरी विसरून मी अंगण ओलांडलेलं नाही. मी मिर्लानसमोर हसलो, त्याला काय कळणार.

नळी अजून सोडलेली नाही. खोटं परत लिहिणार नाही. दिवसाला तीन-चार वेळा जातो, कधी जायचं राहून जातं. ती मला हाक मारते, पण हळू, आणि मी नाही म्हटलं तर ऐकते. उन्हाळ्यापर्यंत खांबही रिकामा करीन.

तुझी तिसरी मागणी पुरी झाली. आता लग्नाला घोडी मागू नकोस, त्या झिबेला सांगून ठेव. तिला हेही विचार, आंबा म्हणून ते फळ कुठे मिळत असेल तर एक पाठव. बघायचं आहे.

रविवारी दुपारी फोन कर. कुंपणाच्या खांबाशी रेंज चांगली येते. दोन वर्षांपासून येते. तुला माझा खोकला ऐकू जाऊ नये म्हणून मी सांगितलं नव्हतं.

तुझा मामा
तुर्गुनबाय